दर थंडीत परत येणारी तक्रार: ऑल-टेरेन टायर, पहाटेची हवा आणि ऐंशीच्या पुढची थरथर

दिवाळी उलटली की आमच्या निफाड तालुक्यात गाडीवाल्यांचं एकच रडगाणं सुरू होतं. ज्यांनी पिकअपला, थारला किंवा स्कॉर्पिओला ऑल-टेरेन टायर (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे) घातलेत ते म्हणतात, "टायर फसले." सकाळी स्टिअरिंग जड लागतं, ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते, आत घूं घूं आवाज येतो, डिझेल जास्त जातं. मग टायरवाल्याकडे जायचं, अलाइनमेंट-बॅलन्सिंग (चाकांचा कोन आणि तोल नीट करणं) करून घ्यायचं, हवा मारायची. आठ-दहा दिवस बरं वाटतं. पुन्हा तेच. मार्च लागला की तक्रार आपोआप निवते आणि पुढच्या थंडीत परत येते.

माझे तीन हिवाळे यात गेले. माझी दुहेरी केबिनची, फोर-व्हीलची पिकअप आहे. टायर २४५/७० आर १६, कंपनीच्याच मापाचे, फक्त साध्या नक्षीऐवजी ऑल-टेरेन. रोजची धाव पिंपळगाव बसवंतच्या अलीकडून ओझर, दहावा मैल, आडगाव करत नाशिक, संध्याकाळी परत. मधूनमधून द्राक्षबागेत आणि कांद्याच्या वावरात. दोन दुकानांत मिळून सात वेळा बॅलन्सिंग केलं. एका ठिकाणी तर "शेठ, टायरच खराब आहेत, चारही बदला" असं सांगितलं. टायर १८,००० किलोमीटर चाललेले होते आणि खाचा अजून चांगल्या खोल होत्या. बदलले नाहीत ते बरं झालं, कारण दोष टायरचा नव्हताच. आणि तो एक दोषही नव्हता. चार वेगवेगळी दुखणी एकाच वेळी यायची आणि मी ती एकच समजून एकाच औषधाने बरी करायला बघत होतो. म्हणून खाली एकेक सुटं करून लिहितोय. तुमची गाडी यातल्या कुठल्या दुखण्यात बसते ते आधी ओळखा, मगच खिशात हात घाला.

पहाटेची हवा

सुरुवात इथून करा. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात असं मी आता गावातल्या गाड्या बघून म्हणू शकतो.

निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो तेव्हा अख्खा महाराष्ट्र आमच्याकडे बघतो. पहाटे ५-६ अंश आणि त्याच दिवशी दुपारी २८-२९ अंश, हे आमच्याकडे नेहमीचं. रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सोडायचं, मणी तडकू नयेत म्हणून जिवाचं रान करायचं. पण त्याच थंडीत बांधावर उभ्या गाडीच्या टायरमधली हवाही आकसलेली असते, हे लक्षात येत नाही.

हिशेब सोपा आहे. तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरलं की टायरचा दाब अंदाजे १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) उतरतो. कुठे पंक्चर नाही, कुठे गळती नाही, हवा तेवढीच आहे. फक्त गार झाली म्हणून तिचा जोर कमी झाला. दुपारी २८ अंशांना, गाडी सावलीत उभी असताना ३५ भरलेले असतील, तर पहाटे ५ अंशांना ते ३१ च्या आसपास दिसतात.

माझी चूक याच्याही पुढची होती. मी हवा भरायचो नाशिकहून परत येताना, हायवेवरच्या पंपावर. म्हणजे भर दुपारी, पंधरा-वीस किलोमीटर धावून टायर तापलेले असताना. आतली हवा ४५ अंशांच्या घरात. मुलगा ३५ वर काटा आणून द्यायचा आणि मी समाधानाने घरी यायचो. तीच हवा दुसऱ्या दिवशी पहाटे ६ अंशांना २९ दिसते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेले ३५ हे गार टायरचे असतात. म्हणजे मी रोज सकाळी ६ पीएसआय कमी हवेवर, बागेतल्या क्रेटचा माल लादून निघत होतो. स्टिअरिंग जड लागणार नाही तर काय होणार?

ऑल-टेरेन टायरवर याचा परिणाम साध्या टायरपेक्षा जास्त जाणवतो. त्याचे रबराचे ठोकळे उंच आणि सुटे असतात. हवा कमी झाली की ठोकळे रस्त्यावर टेकताना जास्त वाकतात, मुरडतात. गाडी वळणात आळसावल्यासारखी वाटते, लेन बदलताना मागचा भाग जरा उशिरा येतो, कडेचे ठोकळे झिजतात. आणि बाजूची भिंत पुन्हा पुन्हा दुमडून आतून तापते. सिन्नरहून समृद्धी महामार्गाला लागून सलग दोन तास वेगात गाडी हाकायची असेल तर कमी हवेचा टायर हा सरळ जिवाशी खेळ आहे. सिमेंटचा सलग सपाट रस्ता, भरलेली गाडी आणि आतून तापत जाणारा टायर. टायर फुटायला याहून वेगळं काही लागत नाही.

उपाय म्हणजे स्वतःचा प्रेशर गेज घ्या. पाचशे-हजार रुपयांचा चांगला मिळतो. पंपावरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत. मी एकाच टायरवर एकाच तासात तीन ठिकाणी ३ पीएसआयचा फरक बघितलाय. गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे, ऊन टायरवर पडलेलं नको. सकाळी गुरांना वैरण टाकून झाली की मी चारही टायर मोजतो, वहीत लिहितो. कमी असेल तर घरच्या छोट्या बॅटरीवरच्या पंपाने भरतो. घरी पंप नसेल तर सकाळचा फरक मोजून ठेवा. पहाटे ३० निघाले आणि ३५ हवेत, म्हणजे ५ कमी. मग पंपावर पोहोचल्यावर तापलेल्या टायरचं जे वाचन येईल त्यात ५ वाढवून घ्या. तिथे ३४ दिसले तर ३९ करा. पंपावरचा मुलगा "जास्त होतात दादा" म्हणेल; तरी घ्या.

धावून टायर तापल्यावर दाब ४ ते ६ पीएसआय वाढतो, ते बरोबरच आहे. वाढलेली हवा सोडू नका. आमच्याकडे मुंबईहून येणारे पाहुणे घाट चढून आले की "हवा वाढली" म्हणून चाकातून फुस्स करून सोडतात आणि पहाटे गाडी बसलेली दिसते.

उन्हाळ्यात उलटं होतं. जानेवारीच्या गारठ्यात बरोबर ३५ केलेले टायर एप्रिलच्या पहाटे, २४ अंशांना ३८ होतात. तेव्हा थोडी हवा काढावी लागते, नाहीतर टायर मधोमध झिजतो. म्हणून महिन्यातून एकदा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी मोजा.

नायट्रोजनचं विचारतात बरेच जण. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन भरला तरी थंडीने तोही तितकाच आकसतो. फुकट मिळाला तर घ्या, पण पहाटेचं मोजणं त्याने टळत नाही.

इथे एक गोष्ट जरूर बघा. ऑल-टेरेन टायर दोन जातीचे येतात. एक साध्या मोटारीच्या बांधणीचे, दुसरे मापाच्या आधी किंवा नंतर "एलटी" लिहिलेले, जास्त पदरांचे, जाड भिंतीचे. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला जास्त दाब लागतो. दारावरचा स्टिकर कंपनीच्या मूळ टायरसाठी असतो, त्यामुळे एलटी घातले असतील तर तो आकडा पुरत नाही. टायर कंपनीचा भार-दाबाचा तक्ता मागा. टायरवर "कमाल" म्हणून लिहिलेला आकडा मात्र भरू नका. ती मर्यादा आहे, रोजची हवा नव्हे. तक्ता मिळेना तर खडू घ्या, टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ मारा, स्वच्छ कोरड्या डांबरावर शंभरेक मीटर सरळ जा आणि उतरून बघा. मधली रेघ पुसली आणि कडेची राहिली तर हवा जास्त, कडा पुसल्या आणि मध्य राहिला तर कमी. नेहमी जेवढा माल असतो तेवढा लादूनच हे करा.

दर आठवड्याला एकाच चाकातली हवा कमी होत असेल तर ती थंडी नाही. थंडी चारही चाकांना सारखी लागते. साबणाचं पाणी करून आधी व्हॉल्व्हवर टाका, मग रिम आणि टायर जिथे भेटतात त्या कडेवर. माझ्या मागच्या डाव्या चाकात त्या कडेत वाळलेली माती अडकली होती आणि अगदी बारीक बुडबुडे येत होते. टायर उतरवून रिमची कड घासून घेतली, प्रश्न मिटला.

पहिल्या दोन-तीन किलोमीटरची धडधड

रात्रभर गारठ्यात उभी गाडी सकाळी काढली की धप-धप असा ठोका जाणवतो आणि ओझर येईपर्यंत नाहीसा होतो. टायर जिथे जमिनीवर टेकलेला होता तिथे तो गारठून किंचित सपाट झालेला असतो. गरम झाला की पुन्हा गोल होतो. हवा कमी असेल आणि माल रात्रभर गाडीतच असेल तर हे जास्त होतं. यासाठी कुठे जायची गरज नाही. माल सकाळी भरा, हवा नीट ठेवा. ठोका दहा-पंधरा किलोमीटरनंतरही राहिला तरच पुढचं वाचा.

ऐंशीच्या पुढची थरथर

मला सगळ्यात जास्त पैसे आणि दिवस याच दुखण्याने खायला लावले. बॅलन्सिंग करून आलो की गाडी लोण्यासारखी चालायची. चार दिवसांत पुन्हा थरथर. पुन्हा गेलो की मशीन म्हणायचं, ६० ग्रॅम कमी आहे. चार दिवसांपूर्वी शून्य होतं, आज ६० कसं? दुकानदार म्हणाला, ऑल-टेरेन टायर असेच असतात, जड असतात, बॅलन्स टिकत नाही. मी ते दोन वर्षं खरं मानलं.

शेवटी आडगावकडच्या एका टायरवाल्या मामांनी चाक उतरवल्यावर मशीनला न लावता ते पालथं केलं आणि रिमच्या आतल्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हर घातला. मुठीएवढा काळ्या मातीचा ढेकूळ निघाला, विटेसारखा वाळलेला. "शेतात जाता ना?" एवढंच विचारलं त्यांनी.

जानेवारीत आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते, गहू पाण्यावर असतो. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची येते, म्हणून पाणीही रात्रीच भरतात. पाट फुटतो, वाटेवर गारा होतो आणि पहाटे आपण गाडी त्यातून काढतो. काळी माती चिकट. ऑल-टेरेनच्या रुंद खाचा तिला धरतात आणि वेग घेतला की आतल्या बाजूला फेकतात. ती रिमच्या आत बसते. दुपारच्या उन्हात वाळून घट्ट होते. बाहेरून चाक धुतलं तरी आतलं दिसत नाही, कारण स्पोकच्या मागे हात जात नाही.

हिशेब ऐका, मग पटेल. माझ्या मापाचं चाक ऐंशीच्या वेगाला सेकंदाला साधारण साडेनऊ वेळा फिरतं. रिमच्या आत एका बाजूला नुसता १०० ग्रॅमचा ढेकूळ चिकटलेला असेल तर तो सुमारे ७ किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर ओढतो, सेकंदाला साडेनऊ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. शंभरच्या वेगाला तोच जोर ११ किलोपर्यंत जातो. म्हणून पन्नासला काही वाटत नाही आणि ऐंशीच्या पुढे हात बधिर होतात. आणि बॅलन्सिंगवाल्याने त्या ढेकळासकट चाक मशीनवर चढवलं तर तो समोरच्या बाजूला वजनाची पट्टी लावून देतो. चार दिवसांनी ढेकूळ गळून पडतो, पट्टी राहते, आता थरथर पट्टीमुळे. माझ्या सातही वेळच्या बॅलन्सिंगची हीच गत झाली होती.

तेव्हा वावरातून आलात की माती ओली असतानाच नळीने रिमच्या आतून पाणी मारा. चाक अर्धी फेरी पुढे ढकलून पुन्हा मारा. बॅलन्सिंगला जाण्याआधी चाक आतून धुतलेलंच हवं आणि जुन्या सगळ्या पट्ट्या काढून नव्याने करायला सांगा. खाचांत अडकलेले खडेही काढा. टिक-टिक आवाज त्यांचाच असतो.

धुऊनही थरथर राहिली तर ती कुठे जाणवते ते बघा. स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर टायर सोडा, डिस्क बघा. तीस-चाळीसच्या कमी वेगाला गाडी डुलत असेल तर मात्र लगेच थांबा. टायरच्या आतली पट्टी सुटून फुगवटा आला असण्याची शक्यता आहे, किंवा खड्ड्यात रिम वाकलाय. फुगवटा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही.

घूं घूं आवाज

ऑल-टेरेन टायर साध्या टायरपेक्षा आवाज करणारच. ठोकळ्यांमधल्या रुंद खाचांतली हवा रस्त्यावर दाबली जाते आणि सुटते, त्याचा तो आवाज. नवीन असताना जेवढा होता तेवढाच राहिला तर तक्रार करण्यासारखं काही नाही. पण तो महिन्यागणिक वाढत गेला तर टायर करवतीसारखा झिजतोय.

हे डोळ्यांनी पटकन दिसत नाही, हाताने कळतं. गाडी थांबवा, तळवा नक्षीवरून पुढे फिरवा, मग मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला ठोकळ्यांच्या कडा बोटांना टोचल्या, तर तेच दुखणं. प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजलेली, दुसरी उभी. मग तळवा आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. आडवं टोचत असेल तर पुढच्या चाकांचा 'टो' (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय, म्हणजे अलाइनमेंट खरोखरच हवी आहे. आणि टायरवर जागोजागी वाटीसारखे खळगे असतील तर शॉक ॲब्झॉर्बर तपासा. आमच्या भाषेत गाडी टायर खातेय, आणि ती कशी खातेय हे तळव्याला कळतं. हे तीन प्रकार वेगळे आहेत आणि तिघांनाही "अलाइनमेंट करून टाका" हे उत्तर नाही.

उभ्या कडांच्या झिजेवर औषध म्हणजे चाकांची अदलाबदल. पिकअप रिकामी असते तेव्हा मागची चाकं हलकी, भरली की जड. पुढची चाकं वळणं आणि ब्रेक सोसतात. प्रत्येक जागेची झीज वेगळी. साध्या टायरला १०,००० किलोमीटरला रोटेशन चालतं. ऑल-टेरेनला मी आता ६,००० ला करतो. मी पहिलं रोटेशन १८,००० ला केलं होतं, म्हणजे केलंच नव्हतं असं म्हणा. तोवर ठोकळे इतके तिरपे झिजले होते की अदलाबदल केल्यावर महिनाभर आवाज उलट वाढला, मग हळूहळू उतरला. तेव्हा रोटेशननंतर लगेच आवाज गेला नाही म्हणून निराश होऊ नका. टायरला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर पुढचं-मागचं त्याच बाजूला बदला, तिरपं नको.

हा आवाज बेअरिंगचा तर नाही ना, हे ओळखायचं कसं? डांबरावरून सिमेंटवर गेलात आणि आवाजाचा सूर बदलला तर टायर. रस्ता तोच असताना मोकळ्या जागी हलकेच डावी-उजवीकडे घेतलं आणि एका बाजूला झुकल्यावर आवाज वाढला, दुसऱ्या बाजूला दबला, तर बेअरिंग. बेअरिंग असेल तर उद्यावर टाकू नका.

एक गोष्ट तरुण मुलांना कळकळीने सांगावीशी वाटते. धुकं पडलं, दहिवर पडलं म्हणून फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या जोडणीत) गाडी टाकून हायवेने येऊ नका. आपल्या बहुतेक पिकअपना मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो. कोरड्या, पकड देणाऱ्या रस्त्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात, वळताना गाडी जखडल्यासारखी होते, टायर घासले जातात आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. माझ्या टायरच्या झिजेत एका हिवाळ्यातल्या या सवयीचा वाटा होता.

डिझेल जास्त जातं

जातंच. टायर जड, ठोकळे वाकणारे, त्यात पहाटेची हवा कमी. हवा सुधारली की काही भाग परत मिळतो, सगळा मिळत नाही. तो ऑल-टेरेनचा खर्च धरून चाला.

पण माप वाढवलेलं असेल तर आधी हिशेब तपासा. २४५/७० आर १६ चा व्यास ७४९ मिलिमीटर येतो, २४५/७५ आर १६ चा ७७४. सव्वातीन टक्के मोठं चाक. एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, मीटरला ते कळत नाही. शेजारच्या गाडीचं उदाहरण: आधी लिटरला १२ मिळायचे, माप वाढवल्यावर ६० लिटरमध्ये मीटरने ६६० दाखवले, म्हणजे ११. प्रत्यक्षात गाडी ६८० च्या वर गेलेली, म्हणजे ११.३६. लिटरमागे कमी झालेल्या एका किलोमीटरातला तिसरा हिस्सा नुसता मीटरचा. आणि हेही ध्यानात ठेवा की काटा तेवढाच दाखवत असला तरी खरा वेग आता आधीपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त आहे.

दहिवर, घाट आणि ब्रेक

इथे मात्र मी ऑल-टेरेनची बाजू घेणार नाही. मुरुमाच्या वाटेवर, खडीवर, वावराच्या बांधावर हे टायर फार चांगले. भिंत जाड, दगडाने सहज फाटत नाही. पण ओल्या डांबरावर ते साध्या हायवे टायरइतक्या लवकर गाडी थांबवत नाहीत. ठोकळे मोठे म्हणजे मधे पाणी कापणाऱ्या बारीक चिरा कमी, आणि रबर टिकाऊ म्हणजे जरा कडक. पावसाळ्यात कसारा घाट उतरताना हे मला पहिल्यांदा कळलं; थंडीतल्या पहाटेला ते लोक विसरतात, कारण पाऊस नसतो.

पहाटे सहाला हायवेवर दहिवराचा पातळ थर असतो. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती, बाजार समितीच्या वाटेवर पडलेला कांद्याचा पाला, ट्रकचं गळलेलं तेल. जोराच्या पावसाने धुतलेल्या रस्त्यापेक्षा हा जास्त निसरडा. टायर गार, रबर कडक. पहिले दहा किलोमीटर तरी पुढच्या गाडीपासून दुपारी ठेवता त्याच्या दीडपट अंतर ठेवा. एक करून बघा: मागे कोणी नसताना, मोकळ्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाने सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ब्रेक दाबा. फरक पायाला कळेल आणि पुढे लक्षात राहील.

टायरचं वयही बघा. भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. "३५२२" म्हणजे २०२२ सालचा ३५ वा आठवडा. आपल्याकडचं ऊन रबर वाळवतं. पाच-सहा वर्षं झालेला टायर खाचा खोल असूनही ओल्यावर घसरतो. बारीक भेगा दिसल्या तर खाचांकडे बघून फसू नका. खाचांमधल्या खुणेच्या पट्टीपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत झीज आली की टायर संपला. पण ओल्या रस्त्यासाठी मी ऑल-टेरेन ४ मिलिमीटरलाच काढतो.

काळ्या मातीच्या गाऱ्यात ऑल-टेरेन तारेल ही आशा सोडा. दोन फेऱ्यांत खाचा भरतात आणि चाक भाकरीसारखं गुळगुळीत होतं. हवा २०-२२ पर्यंत उतरवून, वरच्या गिअरमध्ये, न थांबता काढायची. आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरायची. उतरवलेल्या हवेवर हायवेला जाणं म्हणजे वर लिहिलेलं सगळं एकदम ओढवून घेणं.

बर्फात जाणार असाल तर

नात्यातली मुलं जानेवारीत मनालीला निघाली तेव्हा मला म्हणाली, "काका, टायरवर एम-प्लस-एस लिहिलंय, बर्फाचेच आहेत." नाहीत. एम-प्लस-एस म्हणजे चिखल आणि बर्फ हे खरं, पण ती खूण नक्षीच्या ठेवणीवरून लावतात, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. बर्फावर चाचणी देऊन मिळणारी खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. काही ऑल-टेरेन टायरवर ती असते, सगळ्यांवर नसते. ती चाचणीही दाबलेल्या बर्फावर पुढे खेचण्याची आहे. काचेसारख्या गोठलेल्या बर्फाची नाही.

अस्सल हिवाळी टायरचं रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहतं. आपल्या ऑल-टेरेनचं रबर तिथे कडक होतं. ताज्या भुसभुशीत बर्फात त्याचे ठोकळे छान पकडतात, गाडी चढते, आणि तिथेच माणूस फसतो. कारण फोर-व्हीलने गाडी निघायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चार चाकांनाच असतात. अटल बोगद्याच्या पलीकडे सिस्सूकडे सावलीतल्या रस्त्यावर गोठलेला थर असतो, तिथे साखळ्या लागतात. साखळ्या कुठल्या चाकांना लावायच्या ते गाडीच्या पुस्तिकेत बघा आणि नाशिकच्या अंगणात एकदा लावून पाहा. तिथे बोटं चालत नाहीत.

हवेचं तिथे आणखी एक गणित. थंडीने दाब उतरतो, पण उंचीने बाहेरची हवा विरळ होते म्हणून गेजवर तो दर हजार मीटरला साधारण दीड पीएसआय वाढलेला दिसतो. दोन्ही एकमेकांना बरंचसं खातात. इथे बसून अंदाज करू नका, मुक्कामाच्या ठिकाणी पहाटे गेज लावा. आणि घाट उतरून परत मैदानात आलात की लगेच पुन्हा, कारण उंचीचा वाढीव आकडा तिथे गळून पडलेला असतो.

स्टेपनीही मोजा. ती गाडीखाली लटकलेली, वर्षभर कोणी बघत नाही. चार ऑल-टेरेन आणि एक जुना, लहान व्यासाचा साधा टायर असं असेल तर ती लावून फोर-हाय वापरता येत नाही. माझ्या स्टेपनीत यंदा नोव्हेंबरात १४ पीएसआय निघाले.